इस्ट्रोजेन घटल्यावर हाडं आणि कोलेस्टेरॉल: कोणतं औषध कुठे काय करतं

पाळी कायमची थांबण्याच्या आगेमागे दोन तपासण्यांचे आकडे बरेचदा जोडीनेच बिघडतात. डेक्सा तपासणीत मणक्याची घनता उतरलेली दिसते आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, चढलेलं दिसतं. खाणं तेच, चालणं-फिरणं तेच, वजनही फारसं हललेलं नसतं. एक रिपोर्ट हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, दुसरा हृदयाच्या डॉक्टरांकडे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे हे मधल्या मधे राहून जातं.

ते कारण म्हणजे इस्ट्रोजेनची कमतरता. ती नैसर्गिक रजोनिवृत्तीमुळे येते, शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोश काढल्यामुळे येते, चाळिशीच्या आतच बीजकोशांनी काम थांबवल्यामुळे येते, किंवा एखाद्या आजारासाठी इस्ट्रोजेन मुद्दाम दाबणाऱ्या औषधांमुळे येते. कशीही आली तरी हाड आणि यकृत यांच्यावर परिणाम एकाच दिशेने होतो. औषधांचं मात्र तसं नाही. हार्मोनशी संबंधित औषध हाडाशी एक वागतं, यकृताशी दुसरं, गर्भाशयाशी तिसरं. या सगळ्यांना ‘हार्मोनच्या गोळ्या’ म्हणून एकाच डब्यात टाकलं की गैरसमज तिथूनच सुरू होतात.

हाड रोडावतं कसं

हाड बाहेरून दगडासारखं वाटलं तरी आतून ते सतत उकरलं आणि पुन्हा भरलं जातं. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, नवं हाड घालणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. एका जागचं उकरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. वेळेचा हा फरक लक्षात ठेवला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. एकाच वेळी फार ठिकाणी उकरायला सुरुवात झाली तर भरणाऱ्या पेशी मागे पडणारच.

किती ठिकाणी उकरायचं याचा लगाम इस्ट्रोजेनच्या हातात असतो. ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायला ‘रँकल’ नावाच्या प्रथिनाचा इशारा लागतो. इस्ट्रोजेन हा इशारा मंद ठेवतं, रँकलला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन वाढवतं आणि ऑस्टिओक्लास्टचं आयुष्यही आखूड करतं. इस्ट्रोजेन गेलं की या पेशी जास्त संख्येने तयार होतात, जास्त दिवस जगतात आणि खड्डे खोल नेतात.

मणक्यांच्या आतलं हाड भरीव नसून जाळीदार असतं. जाळीला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे उकरायला जागाही जास्त, म्हणून झीज आधी मणक्यात दिसते. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधी ती वेग घेते आणि नंतरची दोन वर्षं तो वेग टिकतो. या काळात मणक्याची घनता वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी जास्तच घटते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. जाळीतली एखादी काडी नुसती बारीक झाली असेल तर तिच्यावर पुन्हा थर चढू शकतो. मधोमध तुटली तर नवं हाड घालायला आधारच उरत नाही. झीज रोखणाऱ्या औषधांना वेळेचं महत्त्व आहे ते यासाठी. ती असलेलं राखतात, तुटलेली जाळी विणून देत नाहीत.

हाडाला इस्ट्रोजेन लागतं तेही फार थोडं. रजोनिवृत्तीनंतर चरबीच्या पेशींमध्ये अरोमाटेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं आणि तेवढ्यावरही हाडाचं काही अंशी भागतं. ६५ वर्षांवरच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात एस्ट्राडायोल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) ५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षाही कमी होतं त्यांच्यात खुब्याची आणि मणक्याची फ्रॅक्चर साधारण अडीचपट आढळली. उलट बाजूने, दिवसाला फक्त १४ मायक्रोग्रॅम एस्ट्राडायोल सोडणाऱ्या पॅचनेही दोन वर्षांत मणक्याची घनता टिकली, किंचित वाढलीही. कोलेस्टेरॉल हलवायला इतकी कमी मात्रा पुरत नाही.

यकृताची बाजू

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन त्यांची संख्या वाढवतं. इस्ट्रोजेन घटलं की रिसेप्टर कमी होतात आणि तेच एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं. शेवटच्या पाळीच्या आगेमागे, साधारण एका वर्षाच्या टप्प्यात, एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास चढतं. नुसत्या वयामुळे होणारी वाढ संथ असते, ही पायरीसारखी असते.

तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जातं. तिथे ते एकवटून पोचतं आणि यकृताची बरीच कामं एकदम हलवतं. एलडीएल साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरतं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तितकंच चढतं, हृदयविकाराशी जोडलेला लायपोप्रोटीन ए हा कण खाली येतो. इथवर छान. पण त्याच वेळी यकृत ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) वाहून नेणारे कण जास्त बनवू लागतं आणि ट्रायग्लिसराइड २० टक्क्यांहून जास्त वाढू शकतात. रक्त गोठवणारे घटकही वाढतात.

त्वचेवरचा पॅच किंवा जेल यकृताला हा पहिला धक्का देत नाही. ट्रायग्लिसराइड वाढत नाहीत आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढलेला दिसत नाही. मात्र एलडीएल, एचडीएलमधली सुधारणाही तितकी मिळत नाही. हाडाला या फरकाचं सोयरसुतक नसतं, गोळी असो की पॅच, रक्तातून पुरेसं एस्ट्राडायोल पोचलं की त्याचं काम होतं. ज्या बाईचे ट्रायग्लिसराइड आधीच ४०० वर आहेत तिला तोंडाने इस्ट्रोजेन देणं ही गंभीर चूक ठरू शकते, कारण ते फार चढले तर स्वादुपिंडाला सूज येते. अशा वेळी हार्मोन द्यायचंच असेल तर त्वचेचा मार्ग निवडतात.

हार्मोन थेरपी: आकडा सुधारला, पुढे काय

रजोनिवृत्तीनंतरची हाडझीज आणि इस्ट्रोजेनची कमतरता यांचा संबंध फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ साली स्पष्ट मांडला. गर्भिणी घोडीच्या मूत्रापासून काढलेलं संयुग्मित इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून उपलब्ध झालं. गर्भाशय शाबूत असताना एकटं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर बेसुमार वाढतं हे पुढे ध्यानात आलं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेपी’ या तीन वर्षांच्या चाचणीत एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भाशय असलेल्या स्त्रियांपैकी ३४ टक्क्यांच्या अस्तरात गंभीर स्वरूपाची वाढ दिसली. म्हणून गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टोजेन, म्हणजे अस्तराची वाढ रोखणारं प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन, लागतंच.

पण कोणतं प्रोजेस्टोजेन, यावर कोलेस्टेरॉलचा हिशेब बदलतो. त्याच पेपी चाचणीत एकट्या इस्ट्रोजेनने एचडीएल ५.६ मिलिग्रॅमने वाढवलं. सोबत रोज मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टोजेन दिलं तर वाढ जेमतेम १.२ उरली, सूक्ष्म कणांचं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन दिलं तर ४.१ टिकली. एलडीएल मात्र सगळ्या गटांत उतरलं. गर्भाशय काढलेल्या बाईला प्रोजेस्टोजेनची गरजच नसते. जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालू राहिल्यामुळे ते विनाकारण घेतलं जाणं ही नेहमी सापडणारी चूक आहे.

एलडीएल कमी, एचडीएल जास्त, म्हणजे हृदयविकार टळणार, असं नव्वदच्या दशकात बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. १९९८ मध्ये ‘हर्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया, सरासरी चार वर्षं देखरेख. संयुक्त हार्मोन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन) घेणाऱ्यांत, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत एलडीएल ११ टक्क्यांनी कमी राहिलं, एचडीएल १० टक्क्यांनी जास्त. हृदयविकाराच्या घटना मात्र तेवढ्याच, उलट पहिल्या वर्षात जास्त. शिरांमधल्या गुठळ्या जवळपास तिप्पट.

२००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची संयुक्त हार्मोनची चाचणी, १६,६०८ स्त्रिया असलेली, ठरल्या मुदतीआधी थांबवली गेली. दर १०,००० स्त्रियांमागे दरवर्षी खुब्याची ५ फ्रॅक्चर कमी झाली होती, पण हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघात, फुप्फुसातली गुठळी व स्तनाचा कर्करोग यांच्या प्रत्येकी ८ घटना जास्त झाल्या होत्या. टक्केवारीत ऐकलं तर ‘हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला’, प्रत्यक्षात दहा हजारांत सात. दोन्ही वाक्यं खरी आहेत, घाबरवतं ते पहिलंच. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांचं गणित आज वेगळं, जास्त अनुकूल धरलं जातं. तरीही कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी म्हणून हार्मोन थेरपी कोणी देत नाही. ती द्यायची ती गरम झळांसाठी, लवकर आलेल्या रजोनिवृत्तीसाठी, आणि योग्य वयात हाडं राखण्यासाठी.

लवकर आलेल्या रजोनिवृत्तीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पस्तिशीत बीजकोश गेले असतील तर जे हार्मोन शरीरात असायला हवं होतं तेच आपण परत देत असतो. अशा वेळी मात्राही पुरेशी लागते, साधारण रोज २ मिलिग्रॅम एस्ट्राडायोल किंवा १०० मायक्रोग्रॅमचा पॅच, आणि कर्करोगासारखी आडकाठी नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, ते सुरू ठेवतात. साठीच्या बाईवरच्या चाचणीची भीती पस्तिशीच्या बाईला लावून तिला पंधरा वर्षं इस्ट्रोजेनविना ठेवणं हा तिच्या हाडांवरचा अन्याय आहे.

एकच कुलूप, पण किल्ली अर्धवट फिरणारी

टॅमोक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनला अडवणारं औषध. त्याने हाडंही झिजतील अशी साहजिक भीती होती. घडलं उलटंच. १९९२ च्या एका चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या मणक्याची घनता टॅमोक्सिफेनवर वर्षाला ०.६१ टक्क्याने वाढली, प्लासिबोवर १ टक्क्याने घटली. एलडीएलही उतरलं. गर्भाशयाच्या अस्तरावर मात्र ते इस्ट्रोजेनसारखंच वागतं, त्यामुळे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो.

हे कसं शक्य होतं? इस्ट्रोजेनचा रिसेप्टर हे एक घडीचं प्रथिन आहे. इस्ट्रोजेन आत बसलं की प्रथिनाचा शेवटचा पट्टा, ज्याला हेलिक्स १२ म्हणतात, झाकणासारखा बंद होतो आणि त्यावर एक खाच तयार होते. जनुकं चालू करणारी मदतनीस प्रथिनं त्या खाचेत येऊन बसतात. टॅमोक्सिफेन किंवा त्याच्याच जातीचं, हाडांसाठी दिलं जाणारं रॅलोक्सिफेन यांच्या रेणूला एक लांब शेपूट असते. ती बाहेर डोकावते, झाकण पुरतं बसू देत नाही, आणि पट्टा सरकून त्या खाचेवरच आडवा पडतो. आता कोणती मदतनीस प्रथिनं जवळ येतील हे त्या पेशीत कोणती आणि किती उपलब्ध आहेत यावर ठरतं. स्तनाच्या पेशीत त्याचा परिणाम ‘बंद’ असा निघतो, हाडात ‘चालू’. अशा औषधांना ‘सर्म’ (इस्ट्रोजेन रिसेप्टरवर जागेनुसार वेगवेगळं काम करणारी औषधं) म्हणतात.

पाळी सुरू असलेल्या स्त्रीत मात्र टॅमोक्सिफेनने हाडझीज होते. तिच्या शरीरात पूर्ण ताकदीचं इस्ट्रोजेन आधीच आहे. अर्ध्या ताकदीचं औषध त्याची जागा घेतं तेव्हा हाडाच्या दृष्टीने तो तोटाच असतो. आणि जिथे काहीच उरलेलं नाही तिथे अर्धी ताकदही नफा. औषध तेच, पण आधी किती इस्ट्रोजेन होतं यावर परिणामाची दिशा फिरते.

रॅलोक्सिफेनची हाडांची बाजू उंदरांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांवर, रॅटवर, उलगडली. मादीचे बीजकोश काढायचे, काही आठवड्यांत नडगीच्या वरच्या टोकाची जाळी विरळ होते, गर्भाशय आक्रसतं, आणि मग औषधं तपासायची. १९८७ मध्ये क्रेग जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी टॅमोक्सिफेन आणि रॅलोक्सिफेन (तेव्हाचं नाव किओक्सिफेन) हाडं राखतात हे असंच दाखवलं. १९९४ च्या प्रयोगात रॅलोक्सिफेनने बीजकोश काढलेल्या रॅटची हाडझीज रोखली, कोलेस्टेरॉल उतरवलं, आणि गर्भाशय इस्ट्रोजेनसारखं फुगवलं नाही.

असे प्रयोग वाचताना दोन खाचखळगे ध्यानात ठेवावेत. बीजकोश काढल्यावर रॅट जास्त खातात आणि वजन वाढतं, वाढलेलं वजन हाडावर भार टाकून झीज थोडी झाकतं. म्हणून सगळ्या गटांना मोजून सारखंच खाद्य दिलं होतं का, हे आधी पाहायचं. दुसरं, रॅटच्या रक्तात कोलेस्टेरॉल प्रामुख्याने एचडीएलवर असतं, माणसात एलडीएलवर. तिथे एकूण कोलेस्टेरॉल धाडकन उतरलं म्हणून माणसात तेवढं उतरेल असं नाही, आणि उतरतही नाही.

माणसात रॅलोक्सिफेनचे आकडे असे. मात्रा रोज ६० मिलिग्रॅम. ७,७०५ स्त्रियांच्या ‘मोअर’ चाचणीत मणक्याची नवी फ्रॅक्चर, आधी मणक्याचं फ्रॅक्चर नसलेल्यांत निम्म्याने आणि असलेल्यांत ३० टक्क्यांनी घटली. खुब्याच्या फ्रॅक्चरवर परिणाम दिसला नाही. एलडीएल साधारण १२ टक्क्यांनी कमी होतं, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड जवळपास जागच्या जागी. १०,१०१ स्त्रियांच्या ‘रूथ’ चाचणीत हृदयविकार मात्र कमी झाला नाही. स्तनाचा आक्रमक कर्करोग कमी झाला, शिरांतल्या गुठळ्या आणि जीवघेणे पक्षाघात वाढले.

हे १२ टक्के प्रत्यक्षात किती? समजा एकूण कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ५५, ट्रायग्लिसराइड १५० आहे. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, आले ३०. २४० मधून ५५ आणि ३० वजा केले की एलडीएल १५५. त्यातून १२ टक्के गेले, उरले साधारण १३६. मध्यम ताकदीचं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं नेहमीचं औषध, हेच १५५ शंभरच्या आसपास आणतं, आणि त्याने हृदयविकार कमी होतो हे सिद्ध आहे. रॅलोक्सिफेन सुरू आहे म्हणून स्टॅटिन बंद करणं त्यामुळे बसत नाही. उलट बाजूही तशीच. स्टॅटिनने हाडं मजबूत होतील ही आशा एके काळी होती, पण मोठ्या चाचणीत फ्रॅक्चर कमी झाली नाहीत.

रॅलोक्सिफेनबद्दल व्यवहारातल्या काही गोष्टी. गरम झळा कमी होत नाहीत, वाढू शकतात, म्हणून रजोनिवृत्तीच्या ऐन भरात ते नकोसं होतं. पोटऱ्यांत गोळे येतात. मोठी शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं ठरलं असेल तर निदान ७२ तास आधी ते थांबवतात आणि पुन्हा हिंडता-फिरता येईपर्यंत सुरू करत नाहीत, कारण गुठळीचा धोका. आणि कोलेस्टेरॉलसाठी कोलेस्टायरामीनची पूड चालू असेल तर ती रॅलोक्सिफेनला आतड्यातच धरून ठेवते. शोषण बरंच घटतं, म्हणून ही जोडी टाळायची.

पुढच्या पिढीतलं बॅझेडॉक्सिफेन संयुग्मित इस्ट्रोजेनसोबत एकाच गोळीत येतं. अस्तर राखण्याचं काम इथे प्रोजेस्टोजेनऐवजी सर्म करतं. टिबोलोन हे सर्म नव्हे. शरीरात गेल्यावर त्याचे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टोजेन आणि अँड्रोजेन अशा तिन्ही वळणांचे तुकडे होतात. मणक्याची फ्रॅक्चर त्याने जवळपास निम्म्यावर आली, पण एचडीएल ठळकपणे उतरतं, आणि साठीपुढच्या स्त्रियांच्या चाचणीत पक्षाघात दुपटीहून जास्त झाल्याने ती आधीच थांबवावी लागली.

औषधच इस्ट्रोजेन काढून घेतं तेव्हा

अनास्ट्रोझोल, लेट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही अरोमाटेज अडवणारी औषधं. रजोनिवृत्तीनंतर चरबीत बनणारं जे थोडंसं इस्ट्रोजेन हाडाला आधार देत होतं, तेही ती ९० टक्क्यांहून जास्त घटवतात. वर सांगितलेला ५ पिकोग्रॅमचा उंबरठा इथे आठवावा. ‘अटॅक’ चाचणीत पाच वर्षांत अनास्ट्रोझोल घेणाऱ्यांच्या मणक्याची घनता सुमारे ६ टक्के आणि खुब्याची ७ टक्के उतरली. फ्रॅक्चर ११ टक्के स्त्रियांना झालं, टॅमोक्सिफेन गटात ७.७ टक्के. मात्र सुरुवातीला ज्यांची घनता नॉर्मल होती त्यांच्यापैकी कोणीही पाच वर्षांत ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या, पातळीला पोचलं नाही. म्हणजे औषध सुरू करताना केलेली डेक्सा तपासणी पुढचं बरंच सांगून जाते. ती न करता दोन वर्षांनी पहिली तपासणी केली तर झीज औषधाची की आधीचीच, हे कळायला मार्ग राहत नाही.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत या औषधांची बदनामी थोडी फसवी आहे. लेट्रोझोल आणि टॅमोक्सिफेनच्या मोठ्या तुलनेत कोलेस्टेरॉल वाढल्याची नोंद लेट्रोझोल गटात ४३.६ टक्के आणि टॅमोक्सिफेन गटात १९.२ टक्के. पाहता क्षणी वाटतं, लेट्रोझोल कोलेस्टेरॉल चढवतं. पण लेट्रोझोलची तुलना प्लासिबोशी केली त्या चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. पहिल्या तुलनेत टॅमोक्सिफेन कोलेस्टेरॉल उतरवत होतं, त्यामुळे समोरचा गट उंच दिसला. म्हणूनच टॅमोक्सिफेन थांबवून अरोमाटेज अडवणारं औषध सुरू केल्यावर एलडीएल चढलं तर बऱ्याचदा तो जुनं पांघरूण काढल्याचा परिणाम असतो. एलडीएल चढलं हे खरंच, आणि उपचार त्याचे करायचेच. पण त्यापायी कर्करोगाचं औषध बंद करायचं कारण नाही. हाडांसाठी या स्त्रियांना दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅबचं, म्हणजे रँकलला अडवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं तर फ्रॅक्चर निम्मी होतात. कोलेस्टेरॉलशी त्याला देणंघेणं नाही.

एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइडसाठी दिली जाणारी ल्युप्रोलाइड, गोसेरेलिनसारखी इंजेक्शनं तरुण वयात तात्पुरती रजोनिवृत्ती आणतात. सहा महिन्यांत मणक्याची घनता तीन टक्के किंवा जास्त घटू शकते. म्हणून मुदत आखतात, आणि लांबवायचं असेल तर सोबत थोडं हार्मोन परत देतात. त्यासाठी नॉरएथिन्ड्रोन अॅसिटेट हे प्रोजेस्टोजेन ५ मिलिग्रॅम वापरलं तर हाड टिकतं, पण एचडीएल उतरतं.

आधी थायरॉइड पाहा

रजोनिवृत्तीच्या वयात एलडीएल एकदम चढलं की दोष इस्ट्रोजेनवर ढकलून मोकळं होण्याचा मोह होतो. थायरॉइड कमी असेल तरी एलडीएल चढतं, आणि तो आजार याच वयात बराच आढळतो. टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी, थायरॉइड कमी असेल तर हा आकडा चढतो) न तपासता स्टॅटिन सुरू करणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणं. याच्या उलट, थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या गोळीची, मात्रा जास्त झाली आणि टीएसएच दबलेलं राहिलं तर इस्ट्रोजेन नसलेल्या हाडाची झीज आणखी वाढते. म्हणजे मात्रा कमी पडली तर कोलेस्टेरॉलला फटका, जास्त झाली तर हाडाला. शिवाय तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केलं की रक्तातलं थायरॉइड वाहून नेणारं प्रथिन वाढतं, थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईला मात्रा वाढवावी लागू शकते, आणि त्यासाठी सुमारे बारा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. पॅचमुळे हा प्रश्न सहसा येत नाही.

रिपोर्ट वाचताना

डेक्सामध्ये टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा, उणे १ ते उणे २.५ च्या मधे म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. दोन तपासण्यांमधला तीनेक टक्क्यांच्या आतला फरक बहुधा यंत्राचाच असतो, त्यावर हळहळू नये आणि हुरळूही नये. तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी. वय झालेल्या मणक्याला बाजूने हाडाचे काटे फुटलेले असतील तर यंत्र तेही मोजतं आणि घनता खोटीच चांगली दिसते, अशा वेळी खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. लिपिड प्रोफाइल औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी करावं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर वर दाखवलेलं वजाबाकीचं सूत्र चालत नाही, एलडीएल थेट मोजायला सांगावं.

कॅल्शियम आहारासकट रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असल्याशिवाय यातलं कुठलंच औषध पूर्ण लागू पडत नाही. डेनोसुमॅबच्या आधी तर ड जीवनसत्त्व तपासून घेणं गरजेचंच, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं.

औषध थांबवण्याचा विचार बहुतेकांच्या डोक्यात शेवटी येतो, तो सुरू करतानाच यायला हवा. इस्ट्रोजेन किंवा रॅलोक्सिफेन थांबवलं की एलडीएल पुन्हा चढतं आणि हाडाची राखलेली कमाई वर्ष-दोन वर्षांत ओसरायला लागते. बिसफॉस्फोनेट गटातली हाडझीज रोखणारी औषधं हाडातच साठून राहतात, त्यामुळे ती थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकतो. डेनोसुमॅबचं मात्र उलट आहे. शेवटच्या इंजेक्शनला सहा महिने उलटले की रोखून धरलेले ऑस्टिओक्लास्ट एकदम कामाला लागतात, आणि काही स्त्रियांत एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. म्हणून त्याची पुढची तारीख चुकवायची नाही, आणि थांबवायचंच असेल तर त्यामागून कोणतं बिसफॉस्फोनेट आणि कधी, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं.